ओंडक्यांच्या घराला दार कुठे?

टॅमरॅक लेक गावात कुणी कुणाला हाकलून देत नाही. पास्टर टोलेफ्सननी रविवारच्या प्रार्थनेनंतर ऑर्विल स्टेन्सरुडला चर्चच्या पायरीवर गाठलं आणि एवढंच म्हणाले, "मास्तर, आपलं तळघर हल्ली जरा लहान वाटायला लागलंय, नाही का?"

"हो ना," ऑर्विल म्हणाला. चर्चचं तळघर होतं तेवढंच होतं. लहान झालं होतं ते फक्त तिथे भरणाऱ्या ऑर्विलच्या स्काउट पथकासाठी.

त्याला कारणही घडलं होतं. काडीपेटीशिवाय विस्तव पेटवणे ही विद्या पथकाला काही केल्या साधत नव्हती. पोरं वसंतापासून लाकडावर लाकूड घासत होती आणि हाताला फोडांशिवाय काही येत नव्हतं. यश आलं ते नेमकं वर चर्चमध्ये बायकांचा गायनाचा सराव चालू असताना. जमिनीतल्या जाळीतून धूर वर गेला, आधी वरच्या पट्टीतल्या बायका गप्प झाल्या, मग खालच्या. पोरांना बिल्ला मिळाला, पथकाचं छप्पर गेलं.

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या त्या उत्तर टोकाला तेव्हा मंदीचे दिवस होते. आरागिरणी बंद पडलेली. गावात अर्धे नॉर्वेवाले, अर्धे फिनलंडवाले. नॉर्वेवाल्यांचं चर्च, फिनवाल्यांचा दारूबंदी हॉल. दोघांची दुकानंही वेगळी, आणि दफनभूमीत मधोमध कुंपण. स्काउट पथक ही एकच जागा अशी, जिथे दोन्हीकडची पोरं एका बाकावर बसून एकमेकांना चिमटे काढत. दरवर्षी पानगळीत स्काउटांचे जिल्हा कमिशनर यायचे, पथकाची जागा बघून जायचे. जागा नाही तर पथक नाही, असा नियम होता. मग फिनवाल्यांची पोरं हॉलमध्ये कोलांट्या मारायला जाणार, नॉर्वेवाल्यांची गायला जाणार, आणि ऑर्विल घरी जाणार.

हे घरी जाणंच त्याला नको होतं. घरात काही वाईट होतं म्हणून नव्हे. गुड्रुनसारखी बायको पंचक्रोशीत नव्हती. पण ऑर्विलचा स्वभाव असा, की मोठ्या माणसासमोर त्याच्या तोंडून "हो ना" याखेरीज दुसरा शब्द निघत नसे. हवा छान आहे? हो ना. हवा घाण आहे? हो ना. लग्नाचंसुद्धा गुड्रुननेच विचारलं होतं, आणि हा "हो ना" म्हणाला होता. (ते मात्र चांगलं निघालं.) पोरांसमोर उभा राहिला की माणूस बदलायचा. "गाठ सोड. परत बांध. उजवं टोक वरून." खणखणीत आवाज, छाती पुढे. आठवड्यातून ती एक संध्याकाळ तो पुरा माणूस असे. ती गेली असती तर उरला असता फक्त "हो ना".

तेव्हा गावाने ठरवलं की पोरांना तळ्याकाठी ओंडक्यांचं घर बांधून द्यायचं. 'ठरवलं' हा शब्द तसा जास्तच झाला. कुणीतरी म्हणालं, "वादळात पडलेली पाइनची झाडं नुसती कुजतायत." दुसरा म्हणाला, "फार वाईट लाकूड नाही ते." तिकडे याहून मोठी स्तुती नसते. तिसऱ्या दिवशी तळ्याकाठी निम्मा गाव कुऱ्हाडी घेऊन उभा होता.

ओंडक्यांचं काम नॉर्वेवाल्यांत हाल्डोर ब्रेक्केच्या तोडीचं कुणी करत नव्हतं. हा गुड्रुनचा बाप, म्हणजे ऑर्विलचा सासरा. दरवाजाएवढा रुंद, हिमवादळासारखा घुमणारा. फिनवाल्यांत तो मान उर्हो कांगासनिएमीचा. हा काठीसारखा बारीक. बोलणं इतकं कमी की त्याच्या बायकोला तो घरी आल्याचं जेवणाच्या वेळी कळे. कोपऱ्यात ओंडके एकमेकांत बसवायला खाच पाडायची दोघांची पद्धत वेगळी, आणि आपलीच खरी हा विश्वास मात्र अगदी एकसारखा. पहिल्या सकाळी ब्रेक्के काही न बोलता रस्त्याकडच्या दोन कोपऱ्यांशी जाऊन उभा राहिला, उर्हो तळ्याकडच्या. झाली वाटणी. दोन कोपरे नॉर्वेचे, दोन फिनलंडचे, आणि मधले ओंडके बिचारे कुणाचेच नाहीत.

काम मात्र असं चाललं, की गिरणी बंद झाल्यापासून मान खाली घालून हिंडणारी माणसं पुन्हा ताठ झाली. ओंडका सोलायचा, खालच्या ओंडक्यावर बेतायचा, पोटाला खोबण पाडायची, मध्ये शेवाळ भरायचं आणि वर ठोकून बसवायचा. मध्ये सुरीचं पातं जाता कामा नये. बायका दुपारी तपेलीभर कॉफी आणत. ती घेण्याआधी प्रत्येक जण तीनदा नको म्हणे, कारण पहिल्यांदा हो म्हणणारा हावरट. चौथ्यांदा म्हणे, "बरं, तुम्ही ओतलीच आहे तर."

ओंडक्यांच्या घराची एक रीत आहे. भिंती आधी सलग उभ्या करायच्या, दारं-खिडक्या मागाहून करवतीने कापून काढायच्या. आधीच भोकं ठेवली तर ओंडके सरकतात. दार कुठे कापायचं, ते घराचा धनी खडूने भिंतीवर आखून देतो. सुतार ते स्वतः ठरवत नाही. तसं करणं म्हणजे आगाऊपणाची परिसीमा. ही रीत नॉर्वेतही तीच आणि फिनलंडमध्येही तीच. इतकी तीच, की ऑर्विलला सांगायला हवी, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. आयोवातल्या विटांच्या गावात वाढलेल्या ऑर्विलची समजूत अशी, की मोठ्या सुतारांना दार कुठे असतं हे ठाऊक असणारच, आणि त्यांना विचारणं म्हणजे अपमान.

सूचना मात्र दोन्हीकडून होत होत्या. एका सकाळी ब्रेक्के घाम पुसत म्हणाला, "रस्त्याच्या बाजूला दार असलं की हिवाळ्यात बर्फ उपसायला सोपं जातं, असं लोक म्हणतात."

"हो ना," ऑर्विल म्हणाला.

त्याच दुपारी उर्हो तळ्याकडे बघत होता. बराच वेळ बघून झाल्यावर म्हणाला, "दारातून पाणी दिसलं की बरं वाटतं. काहींना."

"हो ना," ऑर्विल म्हणाला.

झालं! दोघांनाही वाटलं की मास्तरांनी आपलं ऐकलं, आता खडू आणून आखायचंच काय ते बाकी आहे. दोघंही वाट बघू लागले. भिंती वाढत गेल्या. छपराचे वासे चढले, छप्पर झालं. डोंगराकडच्या टोकाला दगडी चूल आणि धुराडं उभं राहिलं. समोरच्या टोकाला छपराखालचा त्रिकोण तेवढा उघडा होता. तिथून शिडीने आत उतरायचं, फळ्याही तिथूनच आत सोडायच्या. सगळ्या गावाला दिसत होतं की घराला दार नाही. बोललं कुणीच नाही. नॉर्वेवाल्यांनी बोलावं तर फिनवाल्यांना वाटणार, हे रस्त्याकडे दार लावू बघतायत. फिनवाल्यांनी बोलावं तर उलट.

गुड्रुनने एकदा रात्रीच्या जेवणात विचारलं, "काय हो, पोरं आत जाणार कुठून?"

"बाबांना माहीत असेल ना ते."

"बाबांना विचारलंत?"

"कसं विचारणार? त्यांना वाटेल, मला वाटतं की त्यांना माहीत नाही."

गुड्रुनने बटाटे वाढले. बापाची मुलगी असल्यामुळे तिला हे पटलं, हेच वाईट.

कमिशनर यायचा शनिवार उजाडला. तळ्यावर बारीक धुकं, झाडांची पानं पिवळी. दुपारी समारंभ होता. सकाळी ब्रेक्के आणि उर्हो जमिनीच्या शेवटच्या फळ्या ठोकायला आत उतरले. काम फार नव्हतं, पण एकट्याने जाऊन दुसऱ्याला संशयाला जागा देणं दोघांनाही मंजूर नव्हतं. बाहेर तरणी मंडळी घाईत होती. छपराखालचा त्रिकोण फळ्यांनी बंद करायचं काम राहिलं होतं. त्यांनी शिडी बाहेर ओढून घेतली आणि फळ्या मारून टाकल्या. नॉर्वेवाल्या पोरांना वाटलं ब्रेक्के जेवायला गेला, फिनवाल्यांना वाटलं उर्हो जेवायला गेला. आतून ठोकाठोक ऐकू येत होती, पण ठोकाठोक तर महिनोन्‌महिने चालूच होती.

थोड्या वेळाने ठोकाठोक थांबली. मग गिरमिटाचा करकर आवाज आला. रस्त्याकडच्या भिंतीतून लाकडाचा भुसा गळाला आणि मनगटाएवढं भोक पडलं. त्यातून ब्रेक्केचा आवाज आला, "ऑर्विल आहे का तिकडे?"

ऑर्विल खुर्च्या मांडत होता. धावत गेला. "ब्रेक्केसाहेब? तुम्ही आत?"

"हो. फार वाईट नाही आत. अंधार आहे जरा."

"मग कापून बाहेर या ना! करवत आहे ना आत?"

"आहे. आता तू खूण केलीस की कापतोच. तुझ्या खडूचीच तर वाट बघतोय मी उन्हाळाभर. तुला म्हणालो होतो रस्त्याकडे, तू हो म्हणालास."

तेवढ्यात तळ्याकडच्या भिंतीत करकर सुरू झाली. तो घराला वळसा घालून पळत गेला. तिथेही भोक पडलं होतं.

"मास्तर," उर्हो म्हणाला.

"बोला, उर्होभाऊ."

"खडू आणलात?"

"हं... म्हणजे..."

"तुम्ही हो म्हणाला होतात." एवढं बोलून उर्हो दमला.

ऑर्विल परत रस्त्याकडे पळाला, परत तळ्याकडे. दोन भोकांमध्ये त्याच्या दोन 'हो ना' समोरासमोर उभ्या ठाकल्या होत्या आणि दोघींनाही तोंड फुटलं होतं. गुड्रुन बायकांबरोबर आली, तिने एका नजरेत सगळं ओळखलं. तिने लेफ्से, म्हणजे नॉर्वेवाल्यांची बटाट्याची पातळ पोळी, घेतली, लोणी-साखर लावून सुरळी केली आणि रस्त्याकडच्या भोकातून आत सरकवली.

"बाबा, खाऊन घ्या."

"नको गं."

"घ्या हो."

"नको नको."

"बाबा, तुम्ही भिंतीत कोंडलेले आहात!"

"बरं, तू केलीच आहेस तर." आत चावल्याचा आवाज. मग ब्रेक्के आतल्या आत म्हणाला, "कांगासनिएमी, अर्धी घेणार का?"

"नको," आतून उर्हो म्हणाला. मग आणखी दोनदा नको म्हणाला. मग घेतली.

गाडीचा आवाज आला. कमिशनर उतरले. उंच टोपी, चकचकीत बूट, वागायला दक्षिणेकडचे, म्हणजे मोकळे. "वा! काय घर बांधलंय! आत बघू या."

"आधी कॉफी घ्या," पास्टर टोलेफ्सन म्हणाले.

कमिशनरांनी पहिल्याच विचारण्याला कॉफी घेतली, त्याने जरा खळबळ उडाली. कप हातात घेऊन ते घराला एक फेरी मारून आले. ओंडके थोपटले, कोपऱ्यातल्या खाचा पाहिल्या. दुसऱ्या फेरीत त्यांची चाल मंदावली. तिसऱ्या फेरीत ते थांबले.

"हे दार... कुठल्या बाजूला म्हणालात?"

सगळा गाव झाडांच्या शेंड्यांकडे बघू लागला.

"त्याबद्दल," ऑर्विल म्हणाला, "वेगवेगळे विचार आहेत."

"पण मला आतली जागा बघायला हवी ना, मास्तर. आत जाता येत नसेल तर मी कागदावर लिहू काय? की पथकाला घर आहे, पण पथक बाहेर आहे?"

पास्टर मदतीला धावले. चर्च चालवायचं म्हणजे सगळ्यांना धरून चालावं लागतं. ते मोठ्याने म्हणाले, "मी म्हणतो, मधला मार्ग काढू या. दार कोपऱ्यात करू. अर्धं रस्त्याकडे, अर्धं तळ्याकडे!"

"नाही!" दोन्ही भोकांतून एकदम गर्जना झाली. कोपरा कापला तर आख्खं घर बसतं, हे सांगायची त्या दोघांना गरज वाटली नाही. पास्टरांनीही विचारायची हिंमत केली नाही. कमिशनरांनी मात्र कॉफीचा कप खाली ठेवला.

"भिंत बोलली का आता?"

"सुतार आहेत आत," गुड्रुन म्हणाली. "चांगले आहेत दोघंही. जेवलेत."

कमिशनरांनी घड्याळ काढलं. त्यांना अजून दोन गावं करायची होती. ऑर्विलने ते घड्याळ पाहिलं आणि त्याला त्यात कोलांट्या मारणारी पोरं दिसली, गाणारी पोरं दिसली, आणि खुर्चीत बसून 'हो ना' म्हणणारा एक माणूस दिसला.

तेवढ्यात पथक आलं. पोरं शाळेपासून निशाण घेऊन कवायत करत आली होती, गळ्यात रुमाल, केसांना पाणी लावलेलं. सगळ्यात पुढे निशाण धरलेला पोरगा ऑर्विलसमोर टाच आपटून उभा राहिला.

"सर, रांग कुठल्या दारासमोर लावायची?"

"तळ्याकडच्या!" ऑर्विल खणखणीत आवाजात म्हणाला. "दोन रांगा, मध्ये वाट सोडा. निशाण उजवीकडे. चला!"

पोरं पळाली. ऑर्विल मात्र जागच्या जागी थिजला. शब्द तोंडातून सुटले होते आणि सगळ्या गावाने ऐकले होते. फिनवाल्यांनी नॉर्वेवाल्यांकडे पाहिलं नाही, आणि नॉर्वेवाल्यांनी तर कुणाकडेच पाहिलं नाही.

रस्त्याकडच्या भोकातून हळूच आवाज आला. "ऑर्विल, काय म्हणालास?"

आता सावरता आलं असतं. पोरांची रांग म्हणजे काही दार नव्हे, असं म्हणता आलं असतं. 'हो ना' जिभेच्या टोकावर येऊन उभी होती, नेहमीसारखी नीट भांग पाडून. ऑर्विल भोकापाशी गेला. आतमध्ये सासऱ्याचा एक निळा डोळा दिसत होता.

"तळ्याकडे, ब्रेक्केसाहेब. दार तळ्याकडे."

"का?"

"पोरं कशीही तळ्याकडेच पळणार."

"हे काय कारण झालं? मग बर्फाचं काय? हिवाळ्यात बर्फ तू उपसणार?"

"नाही. पोरं उपसतील. स्काउट आहेत."

डोळा मिटला. उघडला. "हे वेगळंच आहे," ब्रेक्के म्हणाला. गावात याहून कडक शब्द कुणी कुणाला वापरत नसे. मागे जमलेल्या बायकांपैकी एकीने तोंडावर हात ठेवला. ऑर्विलची मान हलली नाही. खाली-वर तर मुळीच नाही.

"तळ्याकडे," तो पुन्हा म्हणाला.

मग फळ्यांवरून जड पावलं घराच्या एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे चालत गेली, आणि तळ्याकडच्या भोकातून ब्रेक्केचा आवाज आला. "मग उभा काय राहिलायस? खूण कर! दिवसभर काय इथे बसायचं आम्ही?"

गुड्रुनने पर्समधून खडू काढून नवऱ्याच्या हातात दिला. तो तिने किती दिवस बाळगला होता, हे त्याने विचारलं नाही. ऑर्विलने दोन रांगांच्या मध्ये, ओंडक्यांवर दार आखलं. आयुष्यात पहिल्यांदाच आखत असल्यामुळे त्याने ते स्वतःच्या मापाने आखलं, आणि ऑर्विल काही उंच नव्हता. आतून करवत सुरू झाली, बाहेरून कुऱ्हाडी. करवतीचं एक टोक उर्होच्या हातात होतं, दुसरं ब्रेक्केच्या. तळ्याकडचं दार एकट्या फिनवाल्याने कापलं असं त्याला उद्या कुणाकडून ऐकायचं नव्हतं. ओंडक्यांचे तुकडे धपाधप बाहेर पडले, राळेचा वास सुटला, आणि भुशाने माखलेले दोघं म्हातारे कमरेत वाकून बाहेर आले. आत जाताना एकमेकांना अहो-जाहो करणारे. बाहेर आले ते असे:

"तुला सांगत होतो मी, करवत सरळ धर."

"सरळच होती. तूच वाकडा."

कमिशनर टोपी सांभाळत आत शिरले, टोपी सांभाळल्यामुळे कपाळ आपटलं. कपाळ चोळत त्यांनी चूल बघितली, जमिनीवर पाय आपटून बघितले, भिंतीतल्या फटीत पोस्टकार्ड घालून बघितलं. जाईना. बाहेर येताना पुन्हा आपटलं. "मास्तर," ते म्हणाले, "माझ्या जिल्ह्यात इतकं मजबूत घर दुसरं नाही. माझी खात्री पटलीय. दोनदा." आणि पथक वर्षभरासाठी मंजूर केलं.

एवढ्यावर भागलं असतं तर गाव टॅमरॅक लेक कसलं! पुढच्या आठवड्यात ब्रेक्के चार नॉर्वेवाले घेऊन गेला आणि रस्त्याकडच्या भिंतीत दुसरं दार कापून आला, चांगलं उंच. त्याला खूण कुणी करून दिली, हे कुणी विचारलं नाही. परिणाम असा झाला, की घरात समोरासमोर दोन दारं झाली आणि तळ्यावरचा वारा एकातून शिरून दुसऱ्यातून रस्त्याला लागू लागला. गंमत म्हणजे फिनवाल्यांची शेतं रस्त्यापलीकडे, त्यामुळे त्यांची पोरं ब्रेक्केच्या दारातून येत. नॉर्वेवाल्यांची पोरं होड्या वल्हवत तळ्यावरून येत आणि उर्होच्या दारातून शिरत. हे दोन्ही म्हाताऱ्यांच्या लक्षात आलं तेव्हा दोघंही तळ्याकाठी बसून बराच वेळ काही बोलले नाहीत, पण एकत्र बसून बोलले नाहीत.

ऑर्विलला मात्र मत द्यायची चटक लागली. रविवारी त्याने पास्टरांना सांगितलं की प्रवचन लांबलं. सोमवारी शाळेच्या मंडळाला सांगितलं की नकाशा जुना झालाय. मंगळवारी घरी म्हणाला की कॉफी पातळ आहे. गुड्रुनने त्याच्याकडे नीट बघितलं आणि सांगितलं की चूल तिथे आहे, डबा इथे आहे. तेव्हापासून स्टेन्सरुडांच्या घरी सकाळची कॉफी ऑर्विल करतो. दाट असते, आणि कुणी तीनदा नको म्हणायच्या आत तो ओतून मोकळा होतो.